‘विरघळते’ म्हणजे नेमके काय होते?

तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आम्ही नववीच्या तासाला मागे बसलो होतो. धडा मिश्रणे वेगळी करण्याचा होता. लोखंडाचा कीस आणि गंधकाची पूड यांचे मिश्रण वेगळे कसे करायचे, हे सांगून झाल्यावर सरांनी फळ्यावर लिहिले : ‘गंधक पाण्यात विरघळत नाही. ते कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळते.’ मधल्या रांगेतल्या एका मुलाने हात वर केला. “सर, आमचे बापू भुरीसाठी बागंवर गंधक मारत्यात. दुकानदार चिठ्ठीवर ‘पाण्यात विरघळणारे गंधक’ असं लिहून देतोय. मग ते कुठलं गंधक?”

वर्ग हसला. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “ते वेगळं. परीक्षेत पुस्तकातलं लिहायचं.”

सरांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्या जागी आम्ही असतो तर कदाचित हेच म्हणालो असतो. पण मुलाचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. द्राक्षाच्या पट्ट्यात वाढलेल्या त्या मुलाच्या दृष्टीने आता जगात दोन गंधके झाली : एक पुस्तकातले, न विरघळणारे, दुसरे बागेतले, विरघळणारे. खरे तर गंधक एकच आहे. घोटाळा पदार्थात नाही, क्रियापदात आहे. म्हणून या लेखात आम्ही त्या एका क्रियापदाची झडती घेणार आहोत. ‘विरघळणे’ हा शब्द आपण वर्गात, पुस्तकात, प्रश्नपत्रिकेत आणि शेतीच्या सल्ल्यात कसा वापरतो? आणि त्यामुळे रसायनशास्त्र समजायला मदत होते की अडथळा?

वितळणे आणि विरघळणे

सर्वांना माहीत असलेल्या चुकीपासून सुरुवात करू. ‘साखर पाण्यात वितळते’ असे मुले लिहितात आणि आपण लाल शाईने ‘वितळते’ खोडून ‘विरघळते’ लिहितो. उलट चूकही तितकीच सर्रास आढळते : ‘सरबतात बर्फ विरघळला.’ दुरुस्ती बरोबरच असते, पण ती का केली हे आपण बहुधा सांगत नाही.

वितळण्यासाठी पदार्थ एकच लागतो आणि उष्णता लागते. स्थायू पदार्थाचा द्रव होतो, पदार्थ तोच राहतो. विरघळण्यासाठी किमान दोन पदार्थ लागतात आणि शेवटी त्यांचे एकजिनसी मिश्रण होते. बर्फ पाण्यात टाकला तरी तो वितळतोच, कारण बर्फही पाणी आणि पाणीही पाणी. तेथे दुसरा पदार्थच नाही. मीठ वितळवायचे तर ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळ्यात बरणीतले मीठ ओले होते तेव्हा घरोघरी ‘मीठ वितळले’ म्हणतात. तेथे ८०१ अंश तापमान कोठून येणार? मिठाने हवेतली वाफ ओढून घेतली आणि त्या पाण्यात ते थोडे विरघळले. ‘मिठाला पाणी सुटले’ हा आजीचा शब्दप्रयोग रसायनशास्त्राला जास्त जवळचा आहे.

याहून चांगले उदाहरण कराड, वाळवा, शिराळा भागातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर असते. गुऱ्हाळावर काहिलीत उसाचा रस आटतो आणि शेवटी दाट पाक वाफ्यात ओतला जातो. पातळ दिसणारा तो गरम गूळ वितळलेला असतो का? मुलांना विचारून पाहा, बहुतेक जण ‘हो’ म्हणतील. गूळ उतरवताना पाकाचे तापमान साधारण ११८ अंशांच्या आसपास असते. साखर वितळायला सुमारे १८६ अंश लागतात आणि त्या तापमानाला ती करपूही लागते. म्हणजे काहिलीत साखर वितळलेली नसतेच. उरलेल्या थोड्याशा पाण्यात ती विरघळलेली असते. खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात जेमतेम २०० ग्रॅम साखर मावते. तापलेल्या पाण्यात ती कितीतरी जास्त मावते. पाक निवू लागला की तेवढी साखर पाण्याला धरून ठेवता येत नाही, तिचे कण बनतात आणि ढेप घट्ट होते. एका काहिलीत विद्राव्यता, संपृक्तता आणि स्फटिकीभवन असे तीन धडे आहेत. पण ‘गूळ वितळलेला असतो’ असे एकदा म्हटले की तिन्ही धड्यांचे दार बंद होते.

नामे अनेक, क्रियापद एक

येथे परिभाषेबद्दल बोलले पाहिजे. पारिभाषिक शब्दांचा विषय सातारा जिल्ह्याला परका नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईला उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. पण त्याआधी, १९७३ सालीच, अठरावा खंड निघाला होता आणि तो होता ‘परिभाषासंग्रह’. आधी शब्द ठरवावेत आणि मग ज्ञान लिहावे, हा क्रम आम्हाला फार बोलका वाटतो.

विश्वकोशातल्या रसायनशास्त्राच्या नोंदी वाचल्या तर ‘विद्राव’, ‘विद्रावक’, ‘वितळबिंदू’ असे शब्द भेटतात. शाळेच्या पुस्तकांत त्यांच्या जागी ‘द्रावण’, ‘द्रावक’, ‘द्रवणांक’ आले. शेतीच्या दुकानात ‘विद्राव्य खते’ मिळतात. हिंदी पुस्तक उघडले तर द्रावणाला ‘विलयन’ म्हटलेले आढळते. द्रव, द्रावण, द्राव्य, विद्राव, द्रवणांक हे सगळे शब्द ‘द्रु’ म्हणजे धावणे, वाहणे या एकाच संस्कृत धातूपासून आलेले आहेत. त्यामुळे ‘द्रवणांक’ हा वितळण्याचा आणि ‘द्रावण’ हे विरघळण्याचे, हा फरक शब्दाच्या रूपावरून मुलाला कळू शकत नाही. शब्दांच्या मुळाशी ‘पातळ होणे’ एवढाच अर्थ आहे आणि मुलाच्या मनातही तेवढाच अर्थ शिरतो. या बाबतीत ‘वितळबिंदू’ हा शब्द आम्हाला उजवा वाटतो, कारण त्यात नेहमीचे क्रियापद जसेच्या तसे दिसते.

नामांचे असे अनेक पर्याय असले तरी क्रियापद मात्र सगळीकडे एकच राहिले : विरघळणे. विश्वकोशातही अवघड संज्ञा आली की कंसात साधा अर्थ देण्याची पद्धत आहे आणि तेथे हेच क्रियापद मदतीला येते. म्हणजे सगळ्या परिभाषेचा भार शेवटी या एका घरगुती शब्दावर पडतो. तो नीट वापरला नाही, तर वरची नामे कितीही शुद्ध असली तरी उपयोग नाही.

शेवट सांगणारा शब्द

शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने विरघळण्याची जी व्याख्या केली आहे तिचा आशय असा : दोन प्रावस्था मिसळून एक नवी एकजिनसी प्रावस्था, म्हणजे द्रावण, तयार होणे. ही व्याख्या आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यात शेवटी काय दिसते ते सांगितले आहे. त्या शेवटापर्यंत पदार्थ कोणत्या वाटेने गेला, वाटेत तो बदलला की तसाच राहिला, याबद्दल ती काहीच म्हणत नाही.

आम्हाला वाटते, सगळी गुरुकिल्ली येथे आहे. ‘विरघळणे’ हे क्रियापद शेवट सांगते, वाट सांगत नाही. या कसोटीवर आपले रोजचे वापर घासून पाहिले तर काही वाक्ये सरळ चूक ठरतात आणि काही अर्धवट.

चूक वाक्यांचा नमुना म्हणजे त्या मुलाच्या चिठ्ठीवरचे गंधक. भुरीसाठी जे गंधक मारतात ते अत्यंत बारीक दळलेले असते. पाणी गंधकाला ओले करत नाही, पूड वर तरंगते. म्हणून तीत ओलेपणा आणणारी आणि कण सुटे ठेवणारी द्रव्ये घातलेली असतात. अशी पूड पाण्यात टाकून ढवळली की कण पाण्यात पसरून राहतात आणि दुधासारखे गढूळ पाणी तयार होते. हे द्रावण नव्हे, हे निलंबन. गंधक पाण्याच्या सुमारे दुप्पट जड आहे, त्यामुळे ढवळणे थांबले की ते खाली बसू लागते. त्याला ‘पाण्यात मिसळणारे गंधक’ हा योग्य शब्द मराठीत आहे आणि अनेक ठिकाणी तो वापरलाही जातो. मग ‘विरघळणारे’ कशासाठी?

हा केवळ शब्दांचा कीस काढणे नव्हे. ज्याला वाटते की औषध विरघळले आहे, तो टाकी एकदा ढवळून निर्धास्त होतो. मिठाचे पाणी कितीही वेळ ठेवले तरी मीठ खाली बसत नाही, तसेच हेही, असे तो समजतो. न्याहारीसाठी फवारणी थांबली की गंधक तळाशी जाते. टाकीची नळी तळाकडून ओढत असेल तर पुढच्या काही ओळींवर दाट गंधक जाते आणि शेवटच्या ओळींना जवळजवळ नुसते पाणी मिळते. उन्हाच्या दिवसांत गंधकाचा जास्त डोस पडला तर पाने करपतात आणि जेथे कमी पडला तेथे भुरी राहते. शेतकरी म्हणतो, ‘औषध खराब निघाले.’ औषधात काही खोट नव्हती, खोट क्रियापदात होती.

त्याच दुकानात १९:१९:१९ सारखी विद्राव्य खतेही मिळतात. ती खरोखर विरघळतात, पाणी पारदर्शक राहते आणि ठिबकच्या बारीक छिद्रांतून ती विनासायास जातात. न विरघळणारी भुकटी ठिबकमधून सोडली तर छिद्रे बुजतील. दोन्ही मालांना एकच विशेषण लावले, तर शेतकऱ्याने हा फरक कशावरून ओळखावा?

अर्धवट वाक्ये

आता आपल्याच पुस्तकांकडे येऊ. ‘जस्त सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळते.’ ‘कॉपर ऑक्साइड सौम्य सल्फ्युरिक आम्लात विरघळते.’ अशी वाक्ये आपण किती सहज लिहितो! वरच्या व्याख्येप्रमाणे ती चूक नाहीत, कारण शेवटी एकजिनसी द्रावण दिसतेच. पण आपणच आधीच्या इयत्तेत मुलांना शिकवलेले असते की विरघळणे हा भौतिक बदल आहे, पाणी आटवले की मीठ परत मिळते. मग ‘जस्त आम्लात विरघळणे : भौतिक बदल की रासायनिक?’ असा प्रश्न आला की मुलगा ‘भौतिक’ लिहितो आणि गुण गमावतो. त्याने आपला शब्द प्रामाणिकपणे पाळला, एवढाच त्याचा गुन्हा.

कॉपर ऑक्साइडचा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. ८ ग्रॅम काळी पूड कोमट सौम्य सल्फ्युरिक आम्लात टाकली आणि पुरेसे आम्ल असले की पूड दिसेनाशी होते, द्रावण निळे होते. ते गाळून, थोडे आटवून थंड होऊ दिले की निळे स्फटिक मिळतात. हिशेबाने सगळे स्फटिक हाती आले तर ते जवळजवळ २५ ग्रॅम भरतील. काळे टाकले, निळे मिळाले. ८ ग्रॅम टाकले, २५ ग्रॅम मिळाले. हे निळे स्फटिक म्हणजे तासगाव-मिरजेच्या प्रत्येक बागायतदाराच्या ओळखीचा मोरचूद. जस्ताचेही तसेच : ६५ ग्रॅम जस्ताबरोबर सुमारे २ ग्रॅम हायड्रोजन बुडबुड्यांवाटे निघून जातो आणि मागे १३६ ग्रॅम झिंक क्लोराइड राहते. या सगळ्या घडामोडीला ‘विरघळते’ एवढा एकच शब्द वापरणे म्हणजे लग्नाची हकिकत ‘पाहुणे जेवले’ एवढ्यात संपवण्यासारखे आहे.

विट्याची मूस

वितळणे आणि आम्लात विरघळणे यांचा फरक जेथे रोज पोटापाण्याशी बांधलेला आहे, अशी एक जागा सांगली जिल्ह्यातच आहे. खानापूर, विटा, आटपाडी या दुष्काळी भागातली अनेक कुटुंबे सोने-चांदी गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. गलाई म्हणजे धातू वितळवून शुद्ध करण्याचे काम. त्यात सोन्याच्या दोन वाटा दिसतात. मुशीत घालून तापवले की १०६४ अंशांना सोने वितळते. निवू दिले की सोनेच घट्ट होते. मध्ये कोणताही नवा पदार्थ बनत नाही.

दुसरी वाट तेजाबाची. सोन्यात मिसळलेली चांदी काढायची तर आधी त्यात आणखी चांदी घालून सोन्याचे प्रमाण साधारण चौथाईवर आणतात आणि मग नायट्रिक आम्ल वापरतात. चांदी ‘विरघळते’, तांबडे विषारी धूर निघतात आणि सोने तळाशी राहते. आता ते द्रावण आटवले तर चांदी मिळेल का? नाही. पांढरे सिल्व्हर नायट्रेट मिळेल. चांदी हवी असेल तर द्रावणात तांब्याची पट्टी ठेवावी लागते. तांबे द्रावणात जाते आणि चांदी बाहेर येते. अनुभवी कारागिराने पाठ्यपुस्तक वाचले नसले तरी आटवून चांदी मिळवण्याचा प्रयत्न तो कधीही करणार नाही. शब्द कोणताही असो, त्याला वाट माहीत आहे. आपल्या विद्यार्थ्याजवळ मात्र फक्त शब्द असतो.

याच वाटेची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. १९४० च्या एप्रिलमध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत माक्स फोन लाउए आणि जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची सोन्याची नोबेल पदके ठेवलेली होती. ती सापडली असती तर मालकांवर संकट आले असते. जॉर्ज हेवेशी यांनी ती आम्लराजात विरघळवली. बाटली फळीवर युद्ध संपेपर्यंत सुखरूप राहिली. नंतर त्यातून सोने परत काढले गेले आणि नोबेल प्रतिष्ठानने त्याची पदके पुन्हा घडवून दिली. ही गोष्ट सांगताना ‘सोने विरघळले आणि परत मिळाले’ एवढ्यावर थांबू नये. बाटलीत सोन्याचे संयुग होते. ते नुसते आटवून पदकाचे सोने मिळाले नसते. क्षपण करावे लागते, म्हणजे आणखी एक रासायनिक अभिक्रिया घडवून आणावी लागते.

चुन्याचे विरणे

मराठीत या घराण्यातले आणखी एक क्रियापद आहे. पुस्तकांनी ते जवळजवळ टाकून दिले, याचे आम्हाला वाईट वाटते. ते म्हणजे ‘विरणे’. गवंडी कळीचा चुना पाण्यात टाकतो तेव्हा तो चुना ‘विरघळवतो’ असे म्हणत नाही, ‘विरवतो’ म्हणतो. ‘विरी गेलेला चुना’ हा शब्द त्यातूनच आला.

हा फरक खरा आहे. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. पाण्याशी त्याची अभिक्रिया होऊन कॅल्शियम हायड्रॉक्साइड बनते. एक किलो कळीच्या चुन्यातून हिशेबाने इतकी उष्णता निघते की सुमारे साडेतीन लिटर पाणी उकळीला यावे. म्हणूनच चुना विरवताना अंगावर आणि विशेषतः डोळ्यांत उडू नये अशी काळजी घ्यावी लागते. ‘चुना पाण्यात विरघळवा’ असे लिहिणारा हा धोका शब्दातून पुसून टाकतो. मीठ विरघळवताना कोणी मागे सरकून उभा राहत नाही.

द्राक्षबागेतले बोर्डो मिश्रण या दृष्टीने फार शिकवणारे आहे. फ्रान्समधल्या बोर्डो येथे मिलार्दे यांनी १८८५ च्या सुमारास डावणी रोगावर ते प्रसिद्ध केले. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. मोरचूद एका भांड्यात ५० लिटर पाण्यात विरघळतो, अगदी खऱ्या अर्थाने. चुना दुसऱ्या भांड्यात विरतो. पण विरलेला चुना तरी विरघळतो का? कॅल्शियम हायड्रॉक्साइड लिटरभर पाण्यात पावणेदोन ग्रॅमच्या आसपासच विरघळते. १ किलो कळीपासून ते सव्वा किलोपेक्षा जास्त बनते, म्हणजे ५० लिटर पाण्यात दर लिटरला २६ ग्रॅम. त्यातला जेमतेम पंधरावा भाग विरघळतो, बाकीचा निलंबित राहतो. म्हणूनच तर त्याला चुन्याची निवळी न म्हणता चुन्याचे दूध म्हणतात. दोन्ही एकत्र केले की निळा साका तयार होतो आणि तोच उपयोगी असतो. पानावर बसलेला हा साका पावसाने लगेच धुऊन जात नाही, कारण तो विरघळत नाही. न विरघळणे हाच त्याचा गुण.

शेवटी बागायतदार त्या मिश्रणात विळा किंवा खिळा बुडवून पाहतो. लोखंडावर तांबूस थर आला तर द्रावणात तांबे अजून शिल्लक आहे. ते कोवळी पाने जाळेल, म्हणून आणखी चुना घालायचा. अशी ही एका बादलीत विरघळणे, विरणे, निलंबित राहणे आणि साका बसणे ही चार क्रियापदे आणि वर विळ्यावरची परीक्षा. सांगलीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा कोणती?

आक्षेप

आमचे काही मित्र म्हणतील, ‘जगभरचे रसायनशास्त्रज्ञ धातू आम्लात विरघळतो असेच म्हणतात. तुम्ही मराठीतच सोवळे का पाळता?’ आक्षेप योग्य आहे. हा शब्दप्रयोग बंद करावा असे आमचे म्हणणे नाही. जाणकार माणूस असे म्हणतो तेव्हा बाकीचे त्याला माहीत असते. शिकणाऱ्याला ते माहीत नसते, म्हणून त्याच्यासाठी वाक्य पुरे करावे, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. भौतिक आणि रासायनिक यांच्यातली रेघ तरी कोठे सरळ आहे? मीठ विरघळताना त्याचे आयन सुटे होतात. मोरचूद तापवून पांढरा केला आणि मग पाण्यात टाकला तर द्रावण निळे होते आणि आटवल्यावर निळे स्फटिक मिळतात, पांढरे नव्हे. सोड्याच्या बाटलीतला कार्बन डायऑक्साइड बहुतांशी नुसता विरघळलेला असतो, थोडा पाण्याशी अभिक्रियाही करतो. हे सारे खरे आहे. म्हणून ‘आटवून तोच पदार्थ परत मिळतो का?’ ही कसोटी आम्ही नियम म्हणून मांडत नाही, प्रश्न म्हणून मांडतो. कसोटी जेथे अडखळते तेथे वर्गात चर्चा सुरू होते, आणि ती व्हायलाच हवी.

वर्गात काय करावे?

‘विरघळते’ हा शब्द आला की फळ्याच्या कोपऱ्यात तीन प्रश्न लिहून ठेवावेत, असे आम्ही सुचवतो. पदार्थ किती आहेत, एक की दोन? शेवटी सगळे पारदर्शक आणि एकजिनसी झाले का, की ठेवल्यावर साका बसतो? आटवले तर काय मिळेल? पहिल्या प्रश्नाने वितळणे बाजूला होते, दुसऱ्याने निलंबन बाजूला होते, तिसऱ्याने अभिक्रिया उघडी पडते.

मग वाक्ये अशी बदलता येतील :

‘साखर पाण्यात वितळते’ याऐवजी ‘साखर पाण्यात विरघळते’.

‘पाण्यात विरघळणारे गंधक’ याऐवजी ‘पाण्यात मिसळणारे गंधक’.

‘चुना पाण्यात विरघळवा’ याऐवजी ‘कळीचा चुना पाण्यात विरवा’.

‘जस्त आम्लात विरघळते’ याऐवजी ‘जस्ताची आम्लाशी अभिक्रिया होते, हायड्रोजन निघून जातो आणि झालेले झिंक क्लोराइड पाण्यात विरघळते’.

शेवटचे वाक्य लांब आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण त्यात विरघळणारा पदार्थ कोणता, हे पहिल्यांदा खरे सांगितले आहे.

प्रयोगासाठी काही महाग साहित्य लागत नाही. सांगली ही हळदीची पेठ. चिमूटभर हळद एका पेल्यात पाण्यात ढवळा आणि दुसऱ्यात थोड्या स्पिरिटमध्ये. स्पिरिट ज्योतीपासून लांब ठेवा. दोन्ही पेले तासभर हलवू नका. पाण्यातली हळद तळाशी बसते. स्पिरिटमध्येही पूड खाली बसते, पण वरचा द्रव स्वच्छ, गर्द पिवळा राहतो, कारण हळदीचा रंग त्यात खरोखर विरघळलेला असतो. तिसऱ्या पेल्यात मीठ घ्या. चौथ्यात अंड्याचे कवच आणि व्हिनेगर घ्या आणि एक-दोन दिवस ठेवा. मग चारही पेल्यांना तेच तीन प्रश्न विचारा. उत्तरे मुलांनीच द्यावीत.

आणि तासगावच्या त्या मुलाला काय सांगावे? “गंधक दोन नाहीत. पुस्तक बरोबर आहे, चिठ्ठीवरचा शब्द चुकला आहे. घरी गेल्यावर बापूंना सांग, औषध मारताना टाकी ढवळत राहा.” एवढे सांगितले असते तर त्या दिवशीचा धडा वर्गातून थेट बागेत पोचला असता. हे वाक्य आम्हाला त्या तासाला सुचले नाही, वाटेत सुचले. पुढच्या वेळी ते वेळेवर सुचावे, म्हणून हे लिहिले.